मदत हवी आहे : पावसात लँडलाइनवर खरखर, अर्धी रिंग वाजून फोन गप्प

सदाशिव पेठेतली जुनी इमारत, दुसरा मजला, तांब्याच्या तारेची लाइन. बाहेरची वायर रोझेटवर (भिंतीवरची जोडणीची डबी) येते. तिथून एक फोन हॉलमध्ये, दुसरा पॅरलल आतल्या खोलीत. ब्रॉडबँडही त्याच लाइनवर. पाऊस लागला की खरखर होते, रिंग अर्धी वाजून बंद पडते, फोन करणाऱ्याला वाटतं आपण उचलून ठेवला. मोडेमचा डीएसएल (फोनलाइनवरच्या नेटचा) दिवाही लुकलुकतो. घरात दोघं वयस्कर आहेत, त्यांना मोबाइल जमत नाही, त्यामुळे ही लाइन चालू राहणं फार गरजेचं आहे. मल्टिमीटर आहे. तक्रार देण्याआधी काय बघू?

प्रतिसाद १
लक्षणं करंटच्या गळतीची आहेत. रिंग देताना एक्स्चेंज लाइनवर साधारण ७५ व्होल्ट एसी सोडतं. रिसीव्हर उचलला की तारांच्या जोडीतून डीसी करंट वाहतो, त्यावरून फोन उचलल्याचं एक्स्चेंजला कळतं. सांध्यात पाणी शिरलं की तोच करंट पाण्यातून वाहतो आणि रिंग तुटते.

रोझेट उघडा. आत जाणारी जोडी सोडवा, फक्त बाहेरून येणारी ठेवा आणि चालणारा एक फोन थेट तिथेच लावा. कुठलाही एक आकडा दाबला की डायल टोन थांबतो, त्या शांततेत खरखर नीट ऐकू येते. मग रिसीव्हर खाली ठेवून मीटर डीसी २०० व्होल्टवर लावा : ४८च्या आसपास स्थिर हवं. उचलल्यावर ६ ते १२. उघडी टोकं बोटांत धरू नका, नेमकी रिंग आली तर चांगलाच झटका बसतो. ढग गडगडत असतील तर हात लावूच नका.

प्रतिसाद २
रिसीव्हरची गुंडाळी वायर हलवून बघा. हलवल्यावरच खरखर होत असेल तर ती बदला, पावसाशी संबंध नाही. आणि पॅरलल फोनला फिल्टर (नेटचा सिग्नल फोनपासून अलग ठेवणारा) आहे का? स्प्लिटरच्या (फोन आणि मोडेमची लाइन वेगळी करणारी डबी) आधी फाटा काढून बिनफिल्टरचा फोन लावला असेल तर रिंगला नेट तुटणारच.

धागाकर्ता
आतली जोडी सोडवल्यावर ४९ स्थिर, खरखर नाही, रिंग पूर्ण. परत जोडली की ४३ आणि आकडा हलतो. ती वायर गॅलरीतून बाहेरून फिरवली आहे, मध्ये चिकटपट्टीचा सांधा. फिल्टर नाही.

प्रतिसाद १
मग लाइनमनला बोलावू नका, बाहेरची लाइन ठीक आहे. सांधा पुन्हा बांधण्यात अर्थ नाही : तांबं हिरवं पडलं की ओल तारेवरून आवरणाच्या आत चढते. रोझेटपासून खोलीपर्यंत ०.५ मिमी तांब्याची नवी जोडी, अखंड, घरातूनच न्या. गॅलरीतूनच न्यावी लागली तर आत शिरण्याआधी वायरला खाली झोळ द्या, पाणी तिथेच टपकेल. स्प्लिटरच्या फोन बाजूला दोन्ही फोन, मोडेम बाजूला फक्त मोडेम.

वायर येईपर्यंत आतली जोडी सुटीच ठेवा. हॉलमधला फोन आजपासून वाजेल.