जांभ्याच्या घराला बाहेरून पांढरा की रंगीत?

पडवीवाला: लांज्याजवळ घर आहे. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या, वर सिमेंटचा गिलावा. पाच वर्षांपूर्वी मुलाच्या हट्टापायी राणी कलर दिला. पश्चिमेची भिंत आता धुऊन धुऊन विटलेल्या साडीसारखी दिसते. पडवीच्या आत ऊन येत नाही, तिथे मात्र अजून तस्साच भडक. यंदा माझं मत सरळ पांढरा. घरात एकमत नाही.

लाल_माती: पांढरा? कोकणात? पागोळ्या अंगणात पडल्या की गुडघाभर लाल शिंतोडे उडणार. गणपतीला पाहुणे येईपर्यंत उत्तरेच्या भिंतीवर शेवाळ चढलेलं असेल.

उन्हाळी: शिंतोड्यांसाठी अख्खं घर गडद कशाला? खाली दोन फूट गेरूचा पट्टा मारा, वर पांढरा. आमचे आजोबा चुन्यात चिमूटभर नीळ घालून दरवर्षी हेच करायचे. मे महिन्यात दुपारी चारला गडद भिंतीला हात लावून बघा. ती धग रात्री खोलीत उतरते.

मांडवीकाठ: पणजीची जुनी वस्ती फोंतेन्यस बघा. पिवळी, निळी, तांबडी घरं आणि खिडक्यांभोवती पांढरी किनार. तिथे काय पाऊस कमी पडतो?

उन्हाळी: पाऊस तेवढाच पडतो. पण ती घरं पुन्हा पुन्हा रंगवावी लागतात, तो खर्च कोण देणार?

डबा_ब्रश: गडद-फिका सोडा, रंगात काय घातलंय ते विचारा. गेरू, हिरमुजी (तांबडा मातकट रंग), पिवळी माती यांत लोहाचं ऑक्साइड असतं, ते उन्हाने सहसा उडत नाही. राणी, जांभळा असले भडक रंग आधी जातात. आणि भिंतीत ओल असेल तर कुठलाही रंग द्या, पोपडे येणारच. जांभा पाणी पितो. आधी गिलाव्याच्या भेगा बुजवा. नवा गिलावा केलात तर महिनाभर थांबा. दुकानातल्या रंगांच्या कार्डावरचा चौकोन बघून ठरवू नका, भिंतीवर हातभर तुकडा लावा. उन्हात तो कार्डापेक्षा फिकाच दिसतो.

पडवीवाला: तीन तुकडे लावले: पांढरा, फिकट पिवळा, हिरमुजी. सकाळी आईला पांढरा पसंत. तिन्हीसांजेला बायको हिरमुजीसमोरून हलत नाही. मी अजून पांढऱ्यावरच, खाली गेरूचा पट्टा.

लाल_माती: लावा. फोटो ऑगस्टमध्ये टाका.