गार्डन फेस्टिव्हलमुळे बंद कारखान्यांच्या जागा खरंच सुधारतात का?

बागवेडी: मंडळी, आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला ब्रिटनचे गार्डन फेस्टिव्हल घेतलेत. १९८४ ला लिव्हरपूल, मग स्टोक, ग्लासगो, गेट्सहेड आणि १९९२ ला वेल्समधलं एब्बू व्हेल, दर दोन वर्षांनी एक, पडीक गोद्या नाहीतर पोलाद कारखान्यांच्या जमिनीवर. काही महिने बाग आणि मग खेळ खल्लास. त्या गावांना यातून मिळालं काय? तिकडचं कोणी आहे का इथे?

मर्सीकाठ: लिव्हरपूलजवळ राहतो म्हणून सांगतो, जमीन साफ झाली हीच मोठी कमाई. तिथे जुनी गोदी, तेलाच्या टाक्या आणि शहराचा कचरा डेपो होता, कुठला बिल्डर हात लावणार होता? १९८१ ला लिव्हरपूलच्याच टॉक्स्टेथ भागात दंगल झाली, मग मंत्री मायकेल हेसल्टाइननी शहरासाठी जोर लावला आणि हे उभं राहिलं. ३० लाखांवर लोक आले! पण नंतर वाली कोणी नाही. काही भागात घरं झाली, मोठा हॉल काही वर्षं करमणुकीला वापरला, तोही बंद, बागेत रान माजलं. चिनी आणि जपानी बागा दुरुस्त होऊन लोकांना खुल्या झाल्या २०१२ ला, म्हणजे बघा किती वर्षं गेली. फार जीव तुटतो हो.

रानफूल: मूळ कल्पना जर्मनीची, तिथे १९५१ पासून हॅनोव्हरला सुरुवात करून दर दोन वर्षांनी भरतं. गेल्सेनकिर्शेन बघाच, नॉर्डस्टर्न कोळसा खाण १९९३ ला बंद, १९९७ ला तिथेच फेस्टिव्हल आणि पार्क आजही आहे कारण तो कायम ठेवायचा हे आधीच ठरलेलं. ब्रिटनमध्ये बाग तात्पुरती, जमीन पुढे डेव्हलपमेंटला द्यायची असाच प्लॅन. म्हणून स्टोकला शेल्टन बार नावाच्या पोलाद कारखान्याच्या जागी आज दुकानं आहेत.

मर्सीकाठ: पटलं, पण दुकानं म्हणजे वाया गेलं असंही नको म्हणायला, कारखाना गेलेल्या गावाला नोकऱ्याही हव्यात ना. ग्लासगोला ४३ लाख लोक आले, नंतर बरीच जागा कित्येक वर्षं रिकामी पडून होती, सायन्स सेंटर आलं २००१ ला आणि बीबीसी २००७ ला. मधल्या वर्षांत देखभालीचा पैसा कोण देणार हे आधी ठरायला हवं होतं, माझं भांडण तेवढंच आहे.

बागवेडी: खूप आभार दोघांचे! मग लिव्हरपूल आणि गेल्सेनकिर्शेन अशी तुलनाच करते. नॉर्डस्टर्न पार्कचे जुने नकाशे कुठे बघायला मिळतील?