मदत हवी आहे : पहिली आणि शेवटची पाने गेलेली जुनी भयकादंबरी ओळखायची आहे

अडाणकाठचा वाचक

नमस्कार. माझ्याकडे एक जुनी मराठी भयकादंबरी आहे. तिला मुखपृष्ठ नाही, सुरुवातीची पाने नाहीत आणि ऐन शेवटाची पानेही गळून गेली आहेत. गोष्ट एका वाड्याची आणि त्याच्या विहिरीची आहे. कादंबरीचे व लेखकाचे नाव हवे आहे, आणि शेवटी काय होते तेही. तीन दिवसांत चार जणांना विचारले, तर चौघेही "धारपांची असेल" म्हणून मोकळे झाले. घरात रोज रात्री "मग पुढे काय झालं?" असे मला विचारले जाते आणि माझ्याकडे उत्तर नसते. माहिती असणाऱ्यांनी कृपया लवकर कळवावे.

समर्थांचा सेवेकरी

चौघांनी धारप सांगितले, यात नवल नाही. नारायण धारप (१९२५ ते २००८) यांनी मराठी भयकथेला जे घर बांधून दिले, त्यात आपण सगळे अजून राहतो. वाडा, विहीर, तळघर, बंद माडी ही त्यांचीच सामग्री आहे. कादंबरीत समर्थ, म्हणजे धारपांचे ते प्रसिद्ध पात्र, येतात का, एवढेच सांगा. संकटात सापडलेल्या साध्या माणसाच्या पाठीशी उभे राहणारे, शांतपणे बोलणारे समर्थ एकदा वाचले की विसरता येत नाहीत. ते असतील तर लेखकाविषयी शंकाच नको.

पिवळी पाने

वरील उत्तर घाईचे वाटते. विहीर दिसली की धारप, हे बरोबर नाही. त्या काळात भाड्याने कादंबऱ्या देणाऱ्या दुकानांसाठी कितीतरी लेखक लिहीत होते आणि त्यांतल्या बहुतेकांची नावे आज कोणाच्या ओठांवर नाहीत. मूळ प्रश्नकर्त्यांनीही फारच थोडे सांगितले आहे. पुस्तकाचा आकार काय, कोणत्या पृष्ठापासून कोणत्या पृष्ठापर्यंत शिल्लक आहे, पानाच्या डोक्यावर शीर्षक छापले आहे का, कुठे किंमत आहे का आणि कथानक नेमके काय, हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

अडाणकाठचा वाचक

समर्थ नाहीत. शिल्लक पाने पृष्ठ १७ ते १७६ आहेत. आकार लहान, बंडीच्या खिशात मावेल एवढा. पानांच्या डोक्यावर फक्त पृष्ठांक आहे, शीर्षक नाही.

कथानक असे : एका गढीवजा वाड्यात नवे बिऱ्हाड येते. मागच्या अंगणातील विहीर फळ्या ठोकून बंद केलेली आहे. एके दिवशी सकाळी विहिरीच्या कठड्यावर एकाच पायाचा ओला ठसा दिसतो. दुसऱ्या दिवशी तो ठसा कठड्याखाली, तिसऱ्या दिवशी तुळशीवृंदावनाजवळ. रोज एकच पाऊल, आणि रोज घराच्या दिशेने थोडे पुढे. घरातील म्हातारी रोज पहाटे कोणाला न सांगता तो ठसा शेणाने सारवून टाकते, त्यामुळे इतरांना कित्येक दिवस काही कळतच नाही. पृष्ठ १७६ च्या तळाशी म्हातारी आजारी पडलेली आहे, त्या दिवशी सारवण झालेले नाही, सून दिवा घेऊन मागच्या दाराशी जाते, तर कडी आतून काढलेली असते आणि उंबरठ्यावर... इथे वाक्य अर्धे राहते.

हे मी माझ्या मोठ्याबाबांना रोज रात्री वाचून दाखवत होतो. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि पुढच्या आठवड्यात एका डोळ्याचे ऑपरेशन आहे. त्यांनी ही कादंबरी तरुणपणी वाचलेली आहे, पण शेवट आठवत नाही म्हणतात.

कपाशी आणि कंदील

आपले वर्णन वाचून अंगावर काटा आला. माझे बालपण अचलपूर तालुक्यातले. हरभऱ्याच्या जागलीला जाताना माझे काका उशाखाली अशीच पुस्तके न्यायचे. कंदिलाची काच काळी पडत आली की अक्षरे जवळ धरावी लागत, आणि नेमके त्याच वेळी धुऱ्यावर रानडुकरांची खसखस सुरू होई. या कादंबऱ्या शहरातल्या ट्यूबलाइटखाली वाचून पुरत्या कळत नाहीत, असे माझे प्रामाणिक मत आहे. उत्तर मात्र मला ठाऊक नाही, क्षमस्व.

समर्थांचा सेवेकरी

समर्थ नसले म्हणून धारप नाहीत असे होत नाही, कारण समर्थांविनाही त्यांच्या अनेक कादंबऱ्या आहेत. भीती हळूहळू घराकडे सरकते, ही तर त्यांच्या 'लुचाई' कादंबरीची रीत आहे. तिथे एकेक माणूस आणि एकेक घर अंधाराच्या ताब्यात जात राहते. ही तिच्याच आसपासची कादंबरी असावी.

पिवळी पाने

'लुचाई' स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या कादंबरीवर बेतलेली आहे, म्हणजे ती त्यानंतरची. आपल्या मोठ्याबाबांनी ही कादंबरी कोणत्या साली वाचली, ते विचाराल का? साल कळले तर निम्मी नावे आपोआप गळतील.

अडाणकाठचा वाचक

विचारले. दुष्काळाचे वर्ष, म्हणजे १९७२. रेशनवर लाल मिलो (परदेशी ज्वारी) मिळत होता आणि त्याच्या भाकरी घशाखाली उतरत नव्हत्या, हे त्यांना पक्के आठवते. विहिरीच्या उरल्यासुरल्या पाण्यावर घरापुरता गहू तगवला होता आणि त्याच्या राखणीला ते रात्री वावरात जात. ही कादंबरी त्यांनी त्या विहिरीच्या धक्क्यावर बसून वाचली. वाचून झाल्यावर तहान लागली तरी उजाडेपर्यंत त्यांनी बादली विहिरीत सोडली नाही.

पिवळी पाने

मग १९७५ नंतरचे सगळे बाजूला ठेवावे लागेल.

झुंजारचा चाहता

साल १९७२ च्या आतले असेल, तर बाबुराव अर्नाळकर यांचा विचार का होत नाही? त्यांच्या नावावर हजारावर पुस्तके आहेत आणि खिशात मावणारा आकार त्या पुस्तकांशी जुळतो.

पिवळी पाने

आकार जुळतो, पण पिंड जुळत नाही. अर्नाळकर रहस्यकथेचे लेखक. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांच्या जगात कोडे असते, धाडस असते आणि शेवटी उलगडा होतो. इथे म्हातारीला सगळे ठाऊक आहे आणि तरी ती ठसा सारवत राहते. हे कोडे नाही, ही दहशत आहे. रहस्यकथा, गूढकथा आणि भयकथा या तीन गोष्टी आपण एकाच पोत्यात भरतो, आणि म्हणून जुनी पुस्तके शोधताना वाट चुकते. उद्या कोणी रत्नाकर मतकरींचे नाव घेईल, परंतु त्यांची ख्याती आहे ती मुख्यतः गूढकथांची, म्हणजे लघुकथांची.

जपणूक

प्रश्न वेगळा असला तरी एक गोष्ट आवर्जून सांगतो. असे पुस्तक रोज हाताळणे धोक्याचे आहे. त्या काळचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा असे. त्यातील लिग्निन हवा आणि उजेड लागून पिवळे पडते, आणि कागदात उरलेले आम्ल धागे खात जाते, म्हणून कोपरा दुमडला की तुटतो. सेलोटेप अजिबात लावू नका. काही वर्षांनी त्याचा चिकटा कागदात उतरतो आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. मैद्याची पातळ खळ वापरा आणि तीत चिमूटभर मोरचूद घाला, म्हणजे कसर लागणार नाही. पुस्तक उन्हात वाळवू नका. आपल्याकडे उधई फार, म्हणून भिंतीला लागून असलेल्या लाकडी कपाटात न ठेवता लोखंडी पेटीत, जमिनीपासून उंच ठेवा.

खिळे जुळवणारा

मी वीस वर्षे छापखान्यात कंपॉझिटर, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवणारा, होतो, म्हणून माझे ऐकावे. आपल्याला जे सांगायला हवे होते ते तुमच्या पहिल्याच आकड्यात आहे. शिल्लक पाने १७ ते १७६. हे पुस्तक सोळा पृष्ठांच्या फर्म्याने, म्हणजे एका मोठ्या कागदावर सोळा पृष्ठे छापून त्याची घडी घालून, तयार केलेले आहे. पहिला फर्मा पूर्ण गेला, शेवटचा पूर्ण गेला, मधले दहा शाबूत आहेत. कुशीतून तार मारलेल्या पुस्तकाचे असेच होते : तार गंजली की आधी बाहेरचे फर्मे सुटतात. आता पृष्ठ १७, ३३, ४९ अशा प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पृष्ठाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, बारीक आकडा शोधा. पाने जुळवताना फर्मे उलटसुलट लागू नयेत म्हणून आम्ही तो टाकत असू, आणि पुष्कळ छापखाने त्या आकड्याआधी पुस्तकाच्या नावाची आद्याक्षरेही टाकत. तिथे नाव सापडेल, मला खात्री आहे.

अडाणकाठचा वाचक

भाऊ, खरेच सापडले. इतक्या वेळा वाचूनही ते आकडे कधी डोळ्यांत भरले नव्हते. पृष्ठ १७ वर २ आहे, पृष्ठ १६१ वर ११ आहे. दहाही फर्मे तपासले. अक्षरे मात्र कुठेही नाहीत, फक्त आकडे आहेत.

खिळे जुळवणारा

हळहळ वाटली. तरी एक गोष्ट पक्की झाली की सुरुवातीचा एकच फर्मा गेलेला आहे आणि मधले एकही पान गहाळ नाही. शेवटी किती गेले ते यावरून कळत नाही. बारावा एकच फर्मा असेल किंवा आणखीही असतील.

मुंबईची लेक, माहेर वणी

या कादंबऱ्यांची कोणी पीडीएफ का करत नाही? मला मिळाली तर मीही वाचीन.

पिवळी पाने

ताई, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क सुरक्षित असतात. ज्याचे नावच आपल्याला माहीत नाही, त्याच्या पुस्तकाची पीडीएफ वाटायची भाषा मला रुचत नाही.

कपाशी आणि कंदील

हक्क जपले पाहिजेत हे मान्य. परंतु छापणारा पुढे येत नाही, प्रत मिळत नाही आणि उरलेली पाने उधई खाते, तेव्हा वाचकाने काय करावे, याचेही उत्तर हवे. ज्यांनी आम्हाला रात्रभर जागे ठेवले, त्या लेखकांचे नावही उरू नये, याचे मला मनापासून दुःख होते.

दाखल नोंद

मी एका तालुका वाचनालयात ग्रंथपाल आहे. इतकी चर्चा झाली, पण हे पुस्तक आपल्या घरी आले कुठून, हे कोणी विचारलेच नाही आणि आपणही सांगितले नाही. मोठ्याबाबांनी ते विकत घेतले होते की वाचनालयाचे होते?

अडाणकाठचा वाचक

वाचनालयाचे. हे सांगण्यासारखे आहे असे वाटले नव्हते. आमच्या तालुक्याच्या गावी एक जुने वाचनालय आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी तेथील फाटकी पुस्तके रद्दीत निघाली, तेव्हा मोठ्याबाबांनी एक पोते भरून घरी आणले. त्यांत ही कादंबरी दिसताच त्यांनी ओळखली, कारण १९७२ साली त्यांनी वाचली ती हीच प्रत. पृष्ठ ८८ वर कंदिलाच्या रॉकेलचा डाग आहे आणि तो आपल्याच हातून पडला, असे ते सांगतात.

दाखल नोंद

मग उत्तर तुमच्या हातात आहे. वाचनालयाचे शिक्के फक्त पहिल्या पानावर नसतात. पहिले पान फाडले तरी पुस्तक ओळखता यावे म्हणून बहुतेक वाचनालये आतील एक पृष्ठ ठरवून घेतात आणि आपल्या सर्व पुस्तकांच्या त्याच पृष्ठावर शिक्का मारून दाखल क्रमांक लिहितात. ते गुप्त पृष्ठ शोधा. त्या क्रमांकापुढे दाखल नोंदवहीत ग्रंथाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या आणि किंमत लिहिलेली असते. पुस्तक निर्लेखित झाले, म्हणजे संग्रहातून काढून टाकले, तरी नोंद खोडत नाहीत, फक्त शेऱ्याच्या रकान्यात तसे लिहितात. शेवटी किती पाने गेली याचे उत्तरही पृष्ठसंख्येच्या रकान्यात मिळेल.

खिळे जुळवणारा

हे मलाही सुचायला हवे होते. पृष्ठ २५, ५१ आणि १०१ आधी पाहावे, असे सुचवतो.

अडाणकाठचा वाचक

पृष्ठ ५१ वर आहे. शिक्का जांभळा होता, आता राखाडी झाला आहे. वाचनालयाचे नाव अर्धवट वाचता येते. खाली शाईने लिहिलेला क्रमांक ३१४ एवढा स्पष्ट आहे आणि चौथ्या अंकाच्या जागी उधईने पाडलेले भोक आहे. पान दिव्यासमोर धरून पाहिले, तरी चौथा अंक लागत नाही. आता काय करावे?

दाखल नोंद

काही बिघडले नाही. ३१४० ते ३१४९ अशा दहा ओळी पाहायच्या आहेत. त्यांतील धर्मग्रंथ, चरित्रे आणि कवितासंग्रह वगळले की दोन-तीन कादंबऱ्या उरतील. दाखल तारीख १९७२ ची किंवा त्यापूर्वीची हवी, निर्लेखनाचा शेरा हवा आणि पृष्ठसंख्या १७६ पेक्षा जास्त हवी. या तिन्ही अटींत बसणारी ओळ एखादीच निघेल. नोंदवहीचा फोटो काढण्याआधी ग्रंथपालांची परवानगी घ्या, आणि त्याच लेखकाची दुसरी पुस्तके कपाटात आहेत का, तेही विचारा.

समर्थांचा सेवेकरी

धारप निघाले तर मला आनंद होईल. न निघाले तर जे नाव निघेल ते इथे जरूर लिहा. मी त्या लेखकाची पुस्तके शोधायला लागेन.

अडाणकाठचा वाचक

आताच वाचनालयात फोन केला. जुनी नोंदवही माळ्यावरच्या पेटीत आहे आणि ती उद्या सकाळी अकरा वाजता खाली काढून ठेवतो, असे ग्रंथपालांनी सांगितले. पहिल्या एसटीने निघतो. नाव मिळाले की लगेच लिहीन, आणि मग शेवटचे फर्मे कोणाकडे आहेत हे विचारायला पुन्हा याच ठिकाणी येईन.

मोठ्याबाबांना हे सर्व सांगितले. त्यांनी पृष्ठ ५१ वरच्या शिक्क्यावरून बोट फिरवून पाहिले आणि आज रात्री पृष्ठ १६१ पासून पुन्हा वाचायला सांगितले. मागच्या दाराची कडी घालून मग वाचायला बसतो.