विषय: पाथर्डी फाट्यावरचा टेम्पो आणि कार्नेची तारीख

प्रेषक: बंटी (सध्या नाशिक)

मंडळी, तातडीचं आहे.

कार्नेवर (गाडी ड्युटी न भरता तात्पुरती आत आणायचा कागद) जर्मनीहून आणलेली माझी व्हॅन अंबडला गॅरेजमध्ये उभी आहे. पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला थांबलेली असताना मागून टेम्पो, एमएच-१५. कोणाला खरचटलंही नाही. टेलगेट आत गेलंय, मागचं डावं चाक तिरकं दिसतंय. गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, टोटल लॉस धरा, भंगारात द्या, मोकळे व्हा." टेम्पोचा शेठ ४० हजार रोख द्यायला तयार आहे, पण कागदावर सही हवी म्हणतो. जर्मन विमा कंपनीचं उत्तर एका ओळीत आलं: भारत कव्हरमध्ये नाही. परदेशात चालणारा विम्याचा दाखला म्हणून ग्रीन कार्ड घेतलं होतं. ग्रीन कार्ड इथं कोणी हातातही घेत नाही. इथली थर्ड पार्टी पॉलिसी आहे, सहा महिन्यांची. कार्नेवरचे सहा महिने संपायला सात आठवडे उरलेत.

शेठला उद्या सकाळी उत्तर द्यायचंय. सही करू का?

बंटी

---

प्रेषक: नाना, कॉलेज रोड

> सही करू का?

नको. त्या कागदावर "नुकसानभरपाई पूर्ण व अंतिम मिळाली, यापुढे कोणतीही तक्रार नाही" असं असणार. ते एकदा लिहून दिलंस की त्याच्या विमा कंपनीकडे मागायला तुझ्याजवळ काही उरत नाही. ४० हजारात तुझ्या व्हॅनचं टेलगेटसुद्धा येणार नाही. शेठला गोड बोलून सांग, "पॉलिसी दाखवा, मग बसू."

तो दाखवेपर्यंत तू एमपरिवहन या सरकारी ॲपवर टेम्पोचा नंबर टाक. विमा कंपनी, पॉलिसी कधीपर्यंत आणि फिटनेस कधीपर्यंत, एवढं तिथे दिसतं. स्क्रीनशॉट आजच काढ, तारीख दिसेल असा. चालकाच्या लायसन्सचा फोटो घेतला नसशील तर तोही मिळव. फिटनेस संपलेला किंवा लायसन्स भलत्याच वर्गाचं असलं तर कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.

आता खरी गोम. टेम्पोची पॉलिसी चालू आहे एवढ्यावर खूश होऊ नकोस. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मर्यादा असते, टीपीपीडी म्हणतात ती. नेहमीच्या पॉलिसीत ती ७.५ लाख. पण प्रीमियममध्ये थोडी सूट घेऊन मालक ती ६,००० रुपयांवर आणू शकतो, आणि माल वाहणारे बरेच जण आणतात. तसं असलं तर कंपनीकडून ६,००० आणि बाकीचं शेठच्या खिशातून. शेठ रोख द्यायला एवढा उतावीळ का, ते मग कळतं. त्यामुळे पॉलिसीचं पहिलं पान पुरत नाही. प्रीमियमचा तक्ता असलेलं पान माग आणि त्यात टीपीपीडीची ओळ बघ.

नाना

---

प्रेषक: सचिव

सर्वांना नम्र विनंती, मंडळाची ही मेल यादी कार्यक्रम आणि वर्गणीसाठी आहे. गाड्यांच्या प्रश्नांसाठी खजिनदारांनी केलेली फाईल आहे, मागच्या सहलीनंतर सगळ्यांना पाठवलेली. तीच बघावी. आणि मंडळाच्या लेटरहेडवर कोणालाही विमा कंपनीसाठी पत्र मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

---

प्रेषक: खजिनदार

ती फाईल माझी नाही, बापूंची. मी फक्त चढवली. आणि तिच्यातलं अपघाताचं पान जुन्या कायद्याचं आहे. मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती अपघाताच्या दाव्यांबाबत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. त्यानंतर दाव्याला सहा महिन्यांची मुदत आली. फाईलमध्ये "मुदत नाही" लिहिलंय, त्यावर विसंबून कोणी घोंगडं भिजत ठेवू नका. लेटरहेडबद्दल सचिवांशी सहमत.

---

प्रेषक: वकीलताई, नाशिक

खजिनदारांचं बरोबर आहे, सहा महिने अपघाताच्या दिवसापासून धरायचे.

बंटी, लोकांचा इथे नेहमी गोंधळ होतो. अपघात झाला की पोलीसच सगळं करतात, असा समज आहे. कोणी जखमी झालं किंवा दगावलं तर पोलीस ४८ तासांत पहिला अहवाल प्राधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवतात, ९० दिवसांत सविस्तर अहवाल देतात. तुमच्याकडे फक्त पत्रा वाकलाय. ते चक्र आपोआप फिरणार नाही, तुम्हालाच फिरवावं लागेल.

पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ठाणे अंमलदार म्हणतील, "मिटवून घ्या ना, बाहेरची गाडी आहे, कुठे भानगडीत पडता." तरी स्टेशन डायरीत नोंद करायला लावा आणि घटनास्थळ पंचनामा मागा. अर्जात व्हॅनचा जर्मन नंबर लिहाच, पण त्याखाली चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर आकडान्‌आकडा लिहा. 'वाहन' या सरकारी गाडी-नोंदणीत तुमची गाडी नाहीच. नुसत्या नंबरवर पुढे कोणालाही ती सापडणार नाही. जर्मन नंबरमधलं ओ अक्षर इथे शून्य होतं, शहराच्या अक्षरांनंतरची रेघ गळते, आणि मग कंपनी म्हणते ही गाडी ती नव्हे. पंचनाम्यावर सही करण्याआधी चॅसिस नंबर बोट ठेवून वाचा.

दावा नाशिकच्या मोटार अपघात दावा प्राधिकरणात, म्हणजे जिल्हा न्यायालयात. कलम १६६ खाली मालमत्तेच्या मालकालाही अर्ज करता येतो, फक्त जखमींनाच नाही. प्रतिवादी तिघे: चालक, मालक, विमा कंपनी. तीन पत्ते, तीन समन्स. शेठचा पत्ता आरसीवरचाच घ्या, व्हिजिटिंग कार्डावरचा नको. पुढे लोक अदालतीत तडजोड होऊ शकते आणि अशा रकमांसाठी तो रस्ता वाईट नाही.

शेवटचं. तुम्ही सात आठवड्यांत निघालात तर इथे कोण? आत्ताच नाशिकमध्ये कुलमुखत्यारपत्र करून नोटरी करा, घरातल्या कोणाच्या तरी नावाने. परत गेल्यावर करायचं म्हटलं तर भारतीय कॉन्सुलेटमध्ये समक्ष सही, मग कागद इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक. दावा कोणी दाखल करायचा, साक्ष कोणी द्यायची, पैसे कोणत्या खात्यात घ्यायचे, तिन्ही अधिकार त्यात वेगवेगळे लिहा. "सर्व अधिकार" या दोन शब्दांवर बँक पैसे देत नाही.

---

प्रेषक: काका, म्युनिक

> ग्रीन कार्ड इथं कोणी हातातही घेत नाही.

घेणार कसं? भारत त्या व्यवस्थेत नाहीच. १ जानेवारी १९५३ पासून युरोपात सुरू झालेली ती पद्धत तुर्कस्तान, इराण, मोरोक्को, ट्युनिशियापर्यंत पोचली, पुढे नाही. आणि २०२० पासून ते कार्ड पांढऱ्या कागदावर काळ्या शाईत छापलेलंही चालतं, तेव्हा हिरवंही उरलं नाही. कास्को पॉलिसीचंही (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची) तेच, भौगोलिक युरोप संपला की कव्हर संपलं.

या निमित्ताने उलट बाजूचंही सांगतो, कारण ते दर वर्षी कोणीतरी विचारतं. जर्मनीत पोलंडच्या ट्रकने ठोकलं तर पोलिश कंपनीला पत्रं लिहीत बसू नका, जर्मन ग्रीन कार्ड ब्युरोला कळवा, तो इथली हाताळणारी कंपनी नेमून देतो. पोलंडमध्ये जाऊन ठोकून घेतलंत तर त्या कंपनीचा जर्मनीतला प्रतिनिधी शोधा, त्याला तीन महिन्यांत सकारण उत्तर द्यावं लागतं. दोन्हींत नंबर पोलिशच, पण रस्ते वेगळे. नुकसान किती धरायचं ते मात्र अपघात ज्या देशात झाला तिथल्या कायद्याने.

---

प्रेषक: वहिनी, श्टुटगार्ट

काका, त्यात एक भर. दोन्ही चालकांनी मिळून भरायच्या युरोपियन अपघात फॉर्मवर मधल्या रकान्यात १७ चौकटी असतात, त्यातल्या आपल्याला लागू त्या खूण करून खाली किती खुणा केल्या तो आकडा लिहायचा असतो. तो आकडा कोणीच लिहीत नाही, आणि मग समोरचा नंतर एक खूण वाढवतो. सही झाली की दर्शनी पानावर एक टिंबही द्यायचं नाही.

---

प्रेषक: सचिव

विषय नाशिकचा चालू होता.

---

प्रेषक: नाना, कॉलेज रोड

तेच म्हणतो. बंटी, गाडीला हात लावू देऊ नकोस. गॅरेजवाल्याला सांग, हातोडी बंद.

टेम्पोच्या विमा कंपनीला आज स्पीड पोस्टाने आणि मेलने पत्र: गाडी अमुक ठिकाणी आहे, तपासून घ्या, अमुक तारखेनंतर दुरुस्ती सुरू होईल. ते येवोत न येवोत, "आम्हाला दाखवलंच नाही" म्हणायची सोय राहत नाही. तुझ्या इथल्या पॉलिसीवाल्यांनाही कळव. ते तुला एक रुपया देणार नाहीत, ती पॉलिसी दुसऱ्याच्या नुकसानीची, पण उद्या शेठने उलटा दावा ठोकला तर उभं त्यांनाच राहायचंय.

स्वतःचा परवानाधारक सर्व्हेअर लाव. मोटार विम्यात ५० हजारांवरच्या नुकसानीला कंपनीलाही सर्व्हेअर लावावाच लागतो, तेव्हा तुझ्या बाजूनेही त्याच तोलाचा कागद हवा. तो येईपर्यंत फोटो तू काढ. चारही कोपरे, चॅसिस नंबरची पट्टी, ओडोमीटर. मग टेलगेटवरच्या खड्ड्याशेजारी टेप जमिनीपासून उभी धरून एक फोटो, आणि टेम्पोच्या पुढच्या बम्परशेजारी तशीच टेप धरून दुसरा. दोन्ही उंच्या जुळल्या पाहिजेत. खड्ड्याच्या कडेला टेम्पोचा रंग लागला असेल तर तो जवळून घे आणि पुसू नकोस.

चाक तिरकं दिसतंय म्हणालास. डोळ्यांवर जाऊ नकोस. स्टीअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेपने मोज, आधी उजवीकडे, मग डावीकडे. दोन्हींत बोटभर जरी फरक आला तरी ॲक्सल किंवा त्याची बैठक सरकलीय असं धर. मग प्रकरण नुसतं पत्र्याचं राहत नाही, एस्टिमेट वेगळं होतं. हे दोन आकडे सर्व्हेअरला आल्या आल्या सांग, नाहीतर तो टेलगेट बघून चहा पिऊन जाईल.

एस्टिमेटमध्ये पार्ट आणि मजुरी वेगळी, जीएसटी नंबरसह. पार्ट जर्मनीहून आले तर युरोतलं बिल, कुरियरची पावती आणि भरलेली ड्युटी, तिन्ही जोड. कंपनीचा माणूस प्लास्टिकला ५० टक्के घसारा लावू बघेल. ते तक्ते स्वतःच्या गाडीच्या क्लेमसाठी असतात, तुझा दावा थर्ड पार्टी म्हणून आहे. लेखी हरकत घे.

अजून एक ऐकायला मिळेल: "डाव्या स्टीअरिंगची गाडी, चूक तुमचीही." कलम १२० प्रमाणे डाव्या स्टीअरिंगच्या गाडीला इशारा देणारं साधन चालू स्थितीत लागतं. ते चालू आहे हे दाखवणारा छोटा व्हिडिओ काढून ठेव. तसंही थांबलेल्या गाडीला मागून ठोकलं, त्यात स्टीअरिंग कुठे का असेना.

नाना

---

प्रेषक: बापू

फाईल माझी, चूक माझी, अपघाताचं पान काढून टाकतो. कार्नेचं पान मात्र बरोबर आहे आणि ते कोणी वाचलेलं दिसत नाही. इतका वेळ सगळे क्लेमवर बोलताहेत. घड्याळ कार्नेचं चालू आहे.

> टोटल लॉस धरा, भंगारात द्या, मोकळे व्हा.

हे केलंत तर मोकळे व्हायचं राहूच द्या. कार्नेवर आलेली गाडी ड्युटी न भरता आत आलेली असते, परत बाहेर नेण्याच्या बोलीवर. ती भंगारवाल्याला विकली की कस्टमच्या लेखी गाडी भारतात राहिली. ड्युटीची मागणी हमी देणाऱ्या क्लबकडे जाते, आणि एडीएसी (कार्ने देणारा जर्मन मोटार क्लब) ती तुमच्या कार्नेच्या अनामतीतून वळती करते. जुन्या गाडीवरची ड्युटी तिच्या किमतीलाही मागे टाकते. विमा कंपनीने टोटल लॉस म्हटलं म्हणून ड्युटी माफ होत नाही. गाडी खरंच संपली असेल तर ती कस्टमच्या देखरेखीखाली नष्ट करून तसा दाखला घ्यावा लागतो, किंवा त्यांच्या ताब्यात सोडावी लागते. अंबडच्या गॅस कटरने होणारं काम नाही ते.

कार्नेचं पान उघडा. तीन भाग आहेत. खालचा आत येताना फाडला गेला. मधला बाहेर पडताना फाडला जाईल. वरच्यावर दोन्ही शिक्के राहतात. दुसरा शिक्का नसेल तर अनामत सहजी सुटत नाही.

इंजिन हलवू नका. गॅरेजवाला बदली इंजिनाचं काढेल, त्यांना सवय असते. कार्नेवर चॅसिस आणि इंजिन दोन्ही नंबर आहेत, बाहेर जाताना जुळले नाहीत तर न्हावा शेव्याला गाडी अडकते.

मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या आत, ज्या कस्टमने आत घेतलं त्यांच्याकडेच. सोबत पंचनामा, सर्व्हेअरचं पत्र, गॅरेजचं "पार्ट अमुक तारखेला येणार" असं पत्र. एडीएसीलाही त्याच दिवशी कळवा. मुदतवाढ धरून मात्र चालू नका. माझं मत विचाराल तर दुरुस्तीच्या नादी लागूच नका. टेलगेट बंद राहील इतकं बांधा, चाक फिरेल इतकं सरळ करा, फोटो आणि सर्व्हे झाल्यावर गाडी न्हावा शेव्याला नेऊन बोटीवर चढवा. दावा नुकसानीच्या एस्टिमेटवर मागे चालू राहतो, त्याला गाडी नाशकात असण्याची गरज नाही. चालत नसलेली गाडी चढवायचे पैसे जास्त पडतात, म्हणून चाकाचं तेवढं बघा. आतला गॅसचा सिलिंडर आधी काढा.

बापू

---

प्रेषक: वकीलताई, नाशिक

> त्याला गाडी नाशकात असण्याची गरज नाही

गरज नाही, पण सर्व्हेअरचा अहवाल गाडी हलवण्याच्या आधीच्या तारखेचा हवा, आणि साक्षीला तोच सर्व्हेअर येईल असं त्याच्याकडून लिहून घ्या. बाहेर गेलेल्या गाडीच्या नुकसानीवर उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच असतो.

---

प्रेषक: बंटी

मोजलं. उजवीकडे आणि डावीकडे १८ मिलिमीटरचा फरक. शेठने पॉलिसीचं पहिलं पान पाठवलं, प्रीमियमचं पान "शोधतोय". सही केली नाही. पोलिसांकडे अर्ज दिला, पोच आहे, पंचनामा उद्या. बापू, गॅरेजवाल्याने दोन दिवसांपूर्वीच टेलगेट उतरवून मागच्या अंगणात टाकलंय. चालेल का?

---

प्रेषक: नाना, कॉलेज रोड

नाही चालणार. आत घे, ताडपत्री टाक, वर चॅसिस नंबर लिहिलेली चिठ्ठी चिकटव. पावसाने टेम्पोचा रंग धुवून जाईल.