मदत हवी आहे: जिमवाल्यांचं निवेदन कसं लिहू?

नमस्कार मंडळी, कळव्यात माझी छोटी जिम आहे. आमच्याकडचे सात-आठ जिमवाले आणि योगा क्लासवाल्या दोन ताई मिळून खासदारांना निवेदन द्यायचं ठरलंय आणि ते लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, का तर म्हणे माझं अक्षर चांगलं (टाइप करायचंय तरी!).

सप्टेंबर 2025 ला जिमवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला, मेंबर खूश, पण इनपुट क्रेडिट गेलं ना, म्हणजे नवीन ट्रेडमिल घेतली की तिच्यावरचा टॅक्स आपल्याच खिशातून. ते एक जाऊ दे. मुख्य मागणी अशी की इन्कम टॅक्सच्या जुन्या रिजीममध्ये आरोग्य विम्याची जी वजावट मिळते (जिला सगळे 80डी म्हणतात) त्यात हेल्थ चेकअपचे 5000 पर्यंत बसतात, मग आजारी पडू नये म्हणून माणूस जिमची फी भरतो ती का नाही?

पण आमच्यातला एक जण म्हणतो हे ऐकून लोक बोलणार, बघा स्वतःचा धंदा बघतायत. त्याचंही खोटं नाही. आमच्या इथल्या गार्डनमधल्या ओपन जिमचं एक पेडल सुतळीने बांधलंय आणि हँडलला आज्यांच्या फुलांच्या पिशव्या लटकतात, मग आधी तिथली दुरुस्ती आणि आठवड्यातून दोनदा आमच्यातर्फे फुकट ट्रेनर असं लिहावं का?

कोणी असं निवेदन दिलंय का आधी? मराठी मसुदा असेल तर प्लीज टाका, आणि टॅक्सचा मुद्दा वर घेऊ की खाली तेही सांगा, रविवारी सह्या घ्यायच्यात.