अनुभव धागा: आयएसओ फाइलवरून बूट होणारी सीडी-डीव्हीडी

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात काही जुने पीसी पडून आहेत. पेनड्राइव्हवरून ते बूट (म्हणजे सुरू) होत नाहीत, पण डीव्हीडी ड्राइव्ह ठणठणीत आहेत. भंगारात देण्याआधी त्यांवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत कार्यप्रणाली) टाकून बघायचं ठरवलंय. त्यासाठी लागणारी बूट डिस्क बनवायची कृती कुठेही वाचायला मिळते. मला तुमचे अनुभव हवेत. बूट डिस्क कधी, कशासाठी बनवलीत, काय उपयोगी पडलं, ते सविस्तर लिहा.

———

ताई, कोल्हापुरात माझं बरीच वर्षं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. "डीव्हीडी बूटच होत नाही" म्हणत गिऱ्हाईक यायचं. डिस्क उघडली की आत एकच आयएसओ फाइल! ती फाइल म्हणजे अख्ख्या डिस्कचा सेक्टरनिहाय ठसा. साध्या फाइलसारखी कॉपी केली, तर बूट रेकॉर्ड (संगणक सुरू करायला लागणारी नोंद) तिच्या पोटातच राहतो. फिनिक्स आणि आयबीएमने 1995 मध्ये 'एल टोरिटो' स्पेसिफिकेशन आणलं. त्यानुसार बायॉस (पीसी चालू होताच सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) हा रेकॉर्ड डिस्कच्या सेक्टर क्रमांक 17 वर शोधतो. तिथे काही सापडलं नाही, की पुढच्या ड्राइव्हकडे वळतो. म्हणून डेटा डिस्क नव्हे, 'बर्न इमेज' निवडायचं. विंडोज एक्सपीत ही सोय नव्हती, निरो किंवा इमगबर्नसारखं बर्निंगचं सॉफ्टवेअर लागायचं. विंडोज 7 पासून फाइलवर राइट क्लिक केलं की 'बर्न डिस्क इमेज' मिळतं. काम झाल्यावर डिस्क उघडून बघा. फोल्डर दिसले तर जमलं. एकटी आयएसओ दिसली, तर पुन्हा करायला हवं.

———

लोडशेडिंगच्या काळात मी नगर जिल्ह्यात कॉलेजात होतो. सीडी-आरवर एकदाच लिहिता येतं आणि मध्येच लाईट गेली की डिस्क वाया. त्यामुळे यूपीएस असलेल्या मित्राच्या घरी आमची बर्निंगची बैठक भरायची. 700 एमबी उतरवून घेण्याइतकं नेट कुणाकडेच नव्हतं. उबुंटूच्या (लिनक्सचाच एक प्रकार) सीडी मागवल्या की परदेशातून टपालाने फुकट यायच्या, 'शिपइट' म्हणत त्या योजनेला. पाकीट आलं की आधी इमेज काढायची, मग ज्याला हवी त्याला प्रत. कॉपी करून वाटा असं बनवणारेच सांगतात, याचं तेव्हा केवढं अप्रूप वाटायचं! 2011 मध्ये ती योजना बंद झाली. लिनक्स मला त्या सीडींनीच शिकवलं, आज पोटही त्यावरच आहे.

———

बर्न करण्याआधी चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का, हे दाखवणारा आकडा) जुळवा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सर्टयुटिल' वापरून फाइलचा एसएचए-256 प्रकारचा चेकसम काढता येतो. संकेतस्थळावर दिलेल्या आकड्याशी तो अक्षर न् अक्षर जुळला, तरच डिस्क ड्राइव्हमध्ये घाला.

———

बाबांच्या लॅपटॉपवर विंडोज सुरू होईना. त्यात आईचे फोटो होते, आणि आई नुकतीच गेली होती. दुकानदार म्हणाला, फॉरमॅट करावं लागेल. मी ऐकलं नाही. शेजारच्या दादाने उबुंटूची लाइव्ह डीव्हीडी बनवून दिली. सुरू करताना 'ट्राय' निवडलं. अशी डिस्क मेमरीतून चालते. 'इन्स्टॉल' दाबत नाही तोवर हार्ड डिस्कवर आपणहून काही लिहीत नाही. ती फारच हळू उघडली, पण उघडली. सगळे फोल्डर दिसत होते. एक्स्टर्नल डिस्क जोडून आधी फोटो काढून घेतले, बाकीचं मग. घरात संगणक आहे त्या प्रत्येकाने अशी एक डिस्क बनवून ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

———

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. आमचे पीसी 32 बिटचे निघाले. कोणती इमेज घेऊ?

———

उबुंटू नको. 12.10 आवृत्तीपासूनच ती सीडीत मावेनाशी झाली आणि हल्लीची डेस्कटॉप इमेज 4.7 जीबीच्या डीव्हीडीतही बसत नाही. शिवाय ती 64 बिटचीच असते. डेबियन हा लिनक्सचा दुसरा प्रकार, पण त्याच्या 13 व्या आवृत्तीतही 32 बिटचा इन्स्टॉलर नाही. डेबियन 12 ची नेटइन्स्ट (बाकीचं नेटवरून उतरवणारी छोटी इमेज) घ्या. ती एका सीडीत मावते, पण इन्स्टॉल करताना इंटरनेट लागतं. नेट नसेल तर अँटीएक्स, हाही लिनक्सचाच हलका प्रकार. कमी रॅमच्या पीसींसाठी मला तीच बरी वाटते.

———

वरच्या सूचनेत थोडी भर. बर्नचा वेग 4एक्स किंवा 8एक्स ठेवा आणि 'व्हेरिफाय'ची खूण करा. जुन्या ड्राइव्हची लेन्स थकलेली असते, भरभर लिहिलेली डिस्क तिला नीट वाचता येत नाही. चालू करताना एफ12 दाबा (काही पीसींवर एस्केप किंवा एफ9), म्हणजे बूट मेनू येतो आणि बायॉसची सेटिंग बदलावी लागत नाही. मेमटेस्ट86+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) चीही एक सीडी करा. इन्स्टॉल अर्ध्यात थांबलं की सगळे डिस्कला दोष देतात, पण आमच्या गावच्या वाचनालयातल्या पीसीत खराब रॅम निघाली होती. मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवला, सकाळी स्क्रीनवर लाल ओळी होत्या. रॅमची ती पट्टी काढली आणि त्याच डीव्हीडीवरून इन्स्टॉल सुरळीत पार पडलं.