समुद्राकाठच्या डोंगरवाटा: तुम्ही कुठून मागे फिरलात?

जंगलातून निघायचं, डोंगराची सोंड धरायची, समुद्र दिसणाऱ्या कड्यावर पोचायचं आणि अंधाराआधी खाली यायचं. बेत एका दिवसाचा, साधा. कड्यावरून काय दिसलं ते सगळेच आवडीनं सांगतात. मला मात्र परतीचं ऐकायचंय. मागे फिरायचं कधी ठरवलं, कशामुळे? अर्धवट राहिलेल्या वाटाही चालतील. माझ्यापासूनच सुरुवात करते.

नकाशात सगळ्यात उंच टेकडी जेमतेम 250 मीटर, जाऊन-येऊन 14 किलोमीटर. तीन तास पुरतील म्हणून दुपारी एकला निघालो. पण समुद्राला मिळणारा प्रत्येक ओढा डोंगर कापून गेलेला. ओढ्यापर्यंत उतरा, पलीकडे तेवढंच चढा. असे पाच ओढे, जाताना आणि येतानाही. एकूण चढ 900 मीटरच्या आसपास भरतो, हे घरी येऊन मोजलं. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 साली एक ठोकताळा दिला होता: दर 5 किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाला आणखी एक. त्या हिशोबानं कुठेही न थांबता सव्वाचार तास लागतात. चौथ्या ओढ्यावर पावणेचार वाजले. हिवाळ्याचे दिवस, आणि गच्च झाडीत अंधार लवकर पडतो. कडा समोर दिसत होता, तरी फिरलो. आता तुम्ही लिहा.

~

आम्ही फिरलो नाही. फिरायला हवं होतं, म्हणून लिहितोय.

जंगलाच्या वाटेला लागण्याआधी एका खडकाळ टोकाला समुद्राच्या बाजूनं वळसा होता. सकाळी साडेनऊला पूर्ण ओहोटी, खडक कोरडे. बाबा आणि मी आरामात पलीकडे गेलो. तासाभरानं पाहिलं तर पाणी फारसं हललेलं नव्हतं, म्हणून वर जंगलात जाऊन आलो. इथेच चूक झाली. भरती सारख्या वेगानं चढत नाही. साधारण सहा तासांत जेवढं पाणी वाढतं, त्याचा जेमतेम बारावा हिस्सा पहिल्या तासात येतो, आणि जवळजवळ निम्मं पाणी तिसऱ्या-चौथ्या तासात. त्यात आदल्या दिवशी पौर्णिमा झालेली, म्हणजे उधाण. सव्वाबाराला परतलो तेव्हा खडकावर लाटा फुटत होत्या.

बाबा म्हणाले, "गुडघाभरच आहे, पटकन जाऊ." मी त्यांचा हात सोडला नाही. गुडघाभर पाणीही मागे ओढतं, आणि खाली शेवाळ. कड्यावर भरतीची ओली रेघ जिथे संपते, त्याच्या बऱ्याच वर जाऊन बसलो. संध्याकाळी सातपर्यंत. ते तास लांब होते. बाबांना थंडी वाजत होती आणि माझ्याकडे एकच जाकीट होतं. तेव्हापासून सॅकमध्ये दोन असतात.

~

वरच्या अनुभवाला एक जोड. मागच्या आठवड्यात जाऊन आलेल्या कुणी सांगितलेली वेळ कृपया धरू नका. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत जवळपास सहा तास होतात, म्हणजे जिथे दिवसातून दोनदा भरती येते तिथे ओहोटीच्या वेळेला नेमकी भरती भेटते. वेळापत्रक त्याच दिवसाचं पाहा.

~

मला धुक्यानं फिरवलं. दमट, उबदार हवा थंड पाण्यावरून आली की समुद्रावरच धुकं धरतं आणि वाऱ्याबरोबर आत घुसतं. माळावर होते, पंधरा मिनिटांत वाट दिसेनाशी झाली. लाटांचा आवाज चहूकडून यायला लागला, त्यामुळे कडा कुठल्या बाजूला हेच कळेना. मग झुडपांकडे लक्ष गेलं. समुद्राकडच्या फांद्या खाऱ्या तुषारांनी करपतात, म्हणून सगळा पर्णसंभार जमिनीच्या बाजूला झुकलेला असतो. होकायंत्रावर दिशा धरली, प्रत्येक झुडपाशी ती ताडून पाहिली आणि जंगलात शिरले. आत शिरताच अंगावर थेंब पडायला लागले. पाऊस नव्हता. पानांवर साठलेलं धुकंच टपकत होतं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे रेडवुड वृक्ष कोरड्या उन्हाळ्यात अशाच धुक्याच्या पाण्यावर तगतात. तो आवाज ऐकत मी बराच वेळ उभी होते. इतकी सुटका वाटलेली आठवत नाही.

~

कड्याच्या टोकावर गवत होतं. तिथे बसून फोटो काढला. पुढच्या वळणावरून त्याच जागेकडे पाहिलं तर गवताखाली जमीनच नव्हती, लाटांनी खालून पोखरलेली. त्या दिवसापासून काठापासून चांगला लांब थांबतो, सोबतच्यांनाही थांबवतो.

~

आईला 400 मीटरच्या माथ्यावर न्यायचं होतं. 100 मीटरवरच्या सपाटीला तिचे गुडघे बोलायला लागले. मला फार वाईट वाटलं, कारण बेत तिच्यासाठीच होता. नंतर गणित केलं. 100 मीटरवरून क्षितिज सुमारे 36 किलोमीटरवर असतं, 400 वरून 71. चौपट चढलं की दुप्पट दिसतं. तिथेच बसलो. बऱ्याच वेळानं क्षितिजावर एक काडी उगवली, मग तिच्याखाली डोलारा, मग हळूहळू अख्खं जहाज. आई म्हणाली, "पूर्ण वर येईपर्यंत थांबूया." थांबलो.